जुनं फोटो प्रिंटिंग मशीन घरी घ्यावं का? पैसे देण्याआधी हा हिशोब मांडा



‘सर, आमच्या इथला फोटो स्टुडिओ बंद होतोय. मालक मशीन अगदी कमी किमतीत देतोय. घरी लावून धंदा सुरू करू का?’ हा प्रश्न मला वरचेवर येतो. विचारणारे वेगवेगळे असतात. कुणी कॉलेज संपवून बसलेला मुलगा, कुणी घर सांभाळून काहीतरी करू पाहणारी ताई, कुणी नोकरी सुटलेले दादा. पण परिस्थिती साधारण सारखीच असते. हातात चाळीस-पन्नास हजारांची बचत, घरात एक रिकामी खोली किंवा खोलीचा कोपरा, आणि समोर ‘दोन लाखांचं मशीन पस्तीस हजारात’ अशी ऑफर.

व्हिडिओमध्ये वेळेअभावी मी मुद्दे पटापट सांगितले. इथे सगळा हिशोब आकड्यांसह मांडतो. वही-पेन घेऊन बसा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमच्या गावचे आकडे टाका.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. जुन्या मशीनची खरी किंमत म्हणजे तुम्ही विकणाऱ्याच्या हातात ठेवता ती रक्कम नव्हे. ते मशीन रोज काय खातं, ते खाणं बाजारात मिळतं का, आणि ते चालवायला पुरेसं गिऱ्हाईक तुमच्या दारात येतं का, या तीन गोष्टी मिळून किंमत ठरते. या तिन्हींची उत्तरं नसतील तर फुकट मिळालेलं मशीनही महाग पडतं.

आधी ओळखा: मशीन कोणत्या जातीचं आहे?

विकणारा फक्त ‘फोटो मशीन’ म्हणतो. पण बाजारात त्या नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी फिरतात.

१. मिनीलॅब. फुजी फ्रंटियर, नोरित्सू क्यूएसएस ही नावं कलर लॅबमध्ये काम केलेल्यांना माहीत असतील. कपाटाएवढं, काही शे किलो वजनाचं मशीन. यात शाई नसते. लाल, हिरव्या आणि निळ्या लेझरने फोटो पेपरवर प्रतिमा उमटवली जाते. मग तो पेपर डेव्हलपर, ब्लीच-फिक्स आणि धुण्याच्या टाक्यांमधून जातो आणि शेवटी ड्रायरमधून सुकून बाहेर येतो.

ऐकायला भारी वाटतं आणि प्रिंटही खरंच सुंदर येते. रोज शेकडो प्रिंट निघत असतील तर एका प्रिंटचा खर्चही कमी पडतो. अडचण त्या ‘रोज शेकडो’मध्येच आहे. डेव्हलपर ३५ ते ३८ अंशांच्या आसपास, ठरलेल्या तापमानावर ठेवावा लागतो. हवा लागून तो खराब होतो. प्रिंट निघत राहिल्या की त्या प्रमाणात ताजं केमिकल टाकीत येतं आणि रंग स्थिर राहतात. काम कमी झालं की टाकीतलं केमिकल शिळं होतं, रंग बदलतात, आणि एकही फोटो न विकता केमिकल बदलण्याचा खर्च उभा राहतो. म्हणजे काम नसलेल्या दिवशीही या मशीनला खायला घालावंच लागतं.

शिवाय वीज जोडणी मोठी लागते. वापरलेल्या ब्लीच-फिक्समध्ये चांदीचा अंश असतो, ते घराच्या मोरीत ओतणं चालत नाही. लेझरचा भाग गेला तर दुरुस्तीचं बिल मशीनच्या जुन्या किमतीपेक्षा मोठं होऊ शकतं.

म्हणून घरासाठी माझं उत्तर सरळ आहे. मिनीलॅब घेऊ नका. पस्तीस हजारात नको, दहा हजारात नको, ‘उचलून घेऊन जा’ म्हटलं तरी नको. स्टुडिओवाला खोटं बोलत असतो असं नाही. मशीन चांगलंही असेल. पण ते ज्या गर्दीसाठी बनलं ती गर्दी मोबाइलने नेली. ज्या कोडॅकच्या पाट्या गावोगावच्या स्टुडिओंवर होत्या, त्या कंपनीनेच जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. भरल्या बाजारपेठेत दुकान असलेल्याला जे मशीन परवडेना, ते घराच्या मागच्या खोलीत कसं परवडेल?

२. डाय-सब प्रिंटर. लग्नाच्या हॉलमध्ये फोटो बूथवर दहा-पंधरा सेकंदात फोटो बाहेर येतो ना, तो हा. टेबलावर मावतो. यात रिबन असते आणि रिबनवर पिवळा, मॅजेंटा, सायन आणि वरचा संरक्षक थर असे पट्टे एकापाठोपाठ असतात. गरम हेड तो रंग पेपरवर उतरवतं, पेपर चार वेळा हेडखालून जातो, आणि फोटो कोरडाच बाहेर येतो. वरच्या थरामुळे पाण्याचा थेंब पडला तरी लगेच बिघडत नाही.

(एक गैरसमज इथेच काढू. कपावर, टी-शर्टवर छापतात त्यालाही बाजारात ‘सब्लिमेशन’ म्हणतात. तो प्रिंटर आणि त्याची शाई वेगळी. फोन करताना स्पष्ट विचारा.)

घरासाठी याची मोठी सोय म्हणजे महिनाभर बंद ठेवलं तरी शाई सुकण्याचा प्रश्न नाही. हिशोबही सोपा, कारण रोलमध्ये किती प्रिंट निघणार ते ठरलेलं असतं. उदाहरणार्थ डीएनपीच्या डीएस-आरएक्स१ मशीनच्या ६×४ च्या एका रोलमध्ये ७०० प्रिंट निघतात, बॉक्समध्ये दोन रोल येतात, म्हणजे १४०० प्रिंट. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा नाहीतर गुलालाने माखलेल्या मिरवणुकीचा, रिबनचा एक पूर्ण संच जातोच.

धोकाही इथेच आहे. रिबन आणि पेपर त्या मॉडेलसाठीच बनलेले असतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे रोलसुद्धा एकमेकांत चालतीलच असं नाही. रोल यायचा बंद झाला की उत्तम चालणारं मशीन त्या दिवशी भंगार होतं. परदेशातून आलेलं जुनं मशीन असेल तर इथे मिळणारा रोल प्रत्यक्ष लावून प्रिंट काढल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

३. इंकजेट फोटो प्रिंटर. एपसन एल८०५ सारखे सहा रंगांचे, टाकीवाले प्रिंटर. काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, फिका सायन, फिका मॅजेंटा. घेताना स्वस्त, शाई बाटलीत मिळते, कुठलाही चांगला फोटो पेपर चालतो, ए४ पर्यंतची प्रिंट निघते. एल१८०० असेल तर ए३ पेक्षा थोडी मोठीही निघते.

पण याला रोज काम लागतं. महिनाभर बंद पडून राहिलेल्या प्रिंटरचं हेड चोंदतं. हेड साफ करायला शाई जाते, ती शाई आतल्या पॅडमध्ये साठते, आणि पॅडचा काउंटर भरला की प्रिंटर थांबतो. स्टुडिओ बंद होऊन चार महिने झालेत आणि प्रिंटर प्लास्टिक टाकून ठेवलाय, असं असेल तर तो ‘चालू कंडिशन’मध्ये आहे यावर चाचणी घेतल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

तर मिनीलॅब यादीतून गेली. उरले डाय-सब आणि इंकजेट. आता पैशाकडे वळू.

हिशोब: समजा पस्तीस हजारांचा डाय-सब घेतला

खालचे भाव उदाहरणादाखल धरलेत. तुमच्या शहरातल्या डीलरला विचारून बदला.

मशीन ३५,०००. लाइट, मागचा पडदा, कटर, यूपीएस असं बाकी सामान १२,०००. एकूण ४७,००० रुपये. मोबाइल किंवा कॅमेरा आणि कॉम्प्युटर तुमच्याकडे आहे असं धरलंय.

रोलचा बॉक्स समजा ९,१०० ला पडला. १४०० प्रिंट, म्हणजे एक प्रिंट साडेसहा रुपयांना. आपल्याकडच्या ३५×४५ मिलिमीटर पासपोर्ट साइजचे आठ फोटो एका ६×४ प्रिंटमध्ये बसतात. आठ फोटोंचा सेट ५० रुपयांना आणि साधी ६×४ प्रिंट १५ रुपयांना विकली असं धरू.

आता महिन्याला १२० पासपोर्ट सेट आणि १५० साध्या प्रिंट गेल्या तर:

- विक्री: ६,००० + २,२५० = ८,२५० रुपये
- २७० प्रिंट आणि वाया गेलेल्या १४, अशा २८४ प्रिंटचा खर्च: १,८४६ रुपये
- पाकिटं, वीज, जाणं-येणं: ९०० रुपये
- उरले: ५,५०४ रुपये

‘वा, साडेपाच हजार!’ थांबा. यात तुमची मजुरी धरलेली नाही. फोटो काढणं, बॅकग्राउंड साफ करणं, कापणं, गिऱ्हाइकाशी बोलणं मिळून महिन्याचे ४० तास धरा. तासाला फक्त ६० रुपये धरले तरी २,४०० झाले. ते काढल्यावर उरतात ३,१०४ रुपये. म्हणजे ४७,००० वसूल व्हायला साधारण १५ महिने.

आता निम्मंच गिऱ्हाईक आलं तर? ६० सेट आणि ७५ प्रिंट. विक्री ४,१२५. प्रिंटचा खर्च ९२३, बाकी खर्च ७००, मजुरी १,२००. उरले १,३०२. पैसे वसूल व्हायला तीन वर्षं. आधीच वापरलेलं हेड आणखी तीन वर्षं बिनतक्रार चालेल का? चालेलही. पण त्या भरवशावर घरातली बचत लावायची का, हे तुम्ही ठरवा.

तुम्ही प्रिंट विकणार की ‘आत्ता लगेच’?

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समजा तुम्ही मशीन घेतलंच नाही. फोटो घरी काढायचे, फाइल तयार करायची आणि जवळच्या शहरातल्या कलर लॅबमधून प्रिंट आणायच्या. लॅबने तुम्हाला ६×४ चा दर ८ रुपये दिला असं धरू.

वरच्या भरल्या महिन्याच्या २७० प्रिंट लॅबमधून २,१६० ला पडतील. स्वतःच्या मशीनवर १,८४६ ला. फरक फक्त ३१४ रुपये! एवढ्याच बचतीवर नुसत्या मशीनचे ३५,००० वसूल करायचे तर नऊ वर्षांपेक्षा जास्त लागतील.

याचा अर्थ काय? मशीन तुम्हाला प्रिंट फारशी स्वस्त देत नाही, लगेच देतं. पैसा कमवायचा तो या ‘लगेच’वर. ज्याला उद्या चालतं त्याच्यासाठी मशीनची गरज नाही. ज्याला दहा मिनिटांत पाहिजे तोच तुमच्या मशीनचे पैसे फेडणार आहे.

म्हणून मशीन बघायला जाण्याआधी स्वतःच्या दारात उभे राहा आणि बघा. ‘लगेच’वालं गिऱ्हाईक इथे येईल का? तुमचं घर तहसील कार्यालय, कॉलेज, बँक किंवा सेतू केंद्राच्या रस्त्यावर आहे का? तळमजल्यावर आहे का? की गल्लीत आत, दुसऱ्या मजल्यावर, जिथे यायला फोन करून पत्ता विचारावा लागतो? फॉर्म भरायला निघालेला माणूस रस्त्यात दिसेल तिथे शिरतो. तो पत्ता शोधत बसत नाही.

मागणी कुठे गेली, कुठे राहिली

पासपोर्ट फोटोची मागणी पूर्वीसारखी राहिलेली नाही. आधार केंद्रावर फोटो तिथेच काढतात. पासपोर्ट सेवा केंद्रातही मोठ्यांचा फोटो तिथेच काढला जातो. स्पर्धा परीक्षांचे फॉर्म ऑनलाइन झाले, तिथे कागदावरचा फोटो लागत नाही, ठरलेल्या केबी साइजची फाइल लागते.

पण मागणी संपलेली नाही. शाळा-कॉलेजचे प्रवेश, ओळखपत्रं, संस्थांचे आणि पतपेढ्यांचे फॉर्म यांना अजून कागदी फोटो लागतात. जून-जुलैमध्ये प्रवेशाची गर्दी असते. आणि ऑनलाइन फॉर्मसाठी ‘फोटो आणि सही योग्य साइजमध्ये करून व्हॉट्सॲपवर’ ही सेवा विका. तिला ना रोल लागतो, ना मशीन. कित्येक नवशिके ही गोष्ट फुकट देऊन टाकतात. तिचा दर पाटीवर लिहा.

दुसरी मागणी आठवणींच्या फोटोंची. बारसं, वाढदिवस, डोहाळजेवण. फोटो काढलेले असतात मोबाइलमध्ये, शेकड्याने, आणि एकही कागदावर नसतो. ‘तुमच्या मोबाइलमधले २५ फोटो छापून छोट्या अल्बममध्ये’ असं पॅकेज घरून चांगलं चालू शकतं. पण लक्षात घ्या, या गिऱ्हाइकाला घाई नसते. त्याला दोन दिवसांनी दिलं तरी चालतं. म्हणजे हे काम लॅबमधून करून घेता येतं.

लग्नाच्या मोठ्या अल्बमच्या वाटेला मात्र घरच्या प्रिंटरने जाऊ नका. ते काम मोठ्या लॅबचं आहे, दरात आणि बाइंडिंगमध्ये तुम्ही त्यांना गाठू शकणार नाही.

मशीनआधी दोन महिने धंदा करून बघा

माझा सल्ला हाच. मशीनचा मालक चार दिवसांत उत्तर मागत असेल तरी तुम्ही हे केल्याशिवाय उत्तर देऊ नका.

पहिल्या दिवशी लॅबमध्ये जाऊन व्यवसायाचा दर ठरवून घ्या. घरात एक भिंत, एक पडदा, दोन लाइट एवढी तयारी करा. सोसायटीच्या, गावाच्या, महिला बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरपत्रक टाका. आणि वहीत रोज तीन रकाने भरा:

१. किती जणांनी चौकशी केली
२. किती जणांनी काम दिलं आणि पैसे रोख दिले
३. किती जण ‘लगेच पाहिजे’ म्हणून परत गेले

तिसरा रकाना सोन्याचा आहे. दोन महिन्यांनी त्या रकान्यात महिन्याला साठ-सत्तर माणसं दिसली तर मशीन तुम्हाला हाक मारतंय. पाच-सात दिसली तर पस्तीस हजार वाचले, आणि लॅबच्या कामातून थोडी कमाईही झाली. उधारीवर दिलेलं काम या वहीत धरू नका. ओळखीतले लोक पहिल्या महिन्यात कौतुकाने येतात, म्हणून दुसऱ्या महिन्याच्या आकड्यावर जास्त भर द्या.

‘सर, तोपर्यंत मशीन दुसऱ्याने नेलं तर?’ नेऊ द्या. स्टुडिओ बंद होताहेत, जुनी मशीनं अजून बाजारात येणार आहेत. विकणाऱ्याला घाई आहे, तुम्हाला नाही. भाव करताना ही तुमची ताकद आहे.

घरात लावताना

वीज: डाय-सबचं हेड तापताना एकदम लोड घेतं. घरचा पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर ते पेलेल असं गृहीत धरू नका. मशीनच्या मागच्या पाटीवरचे आकडे इलेक्ट्रिशियनला दाखवा. घरगुती मीटरवर व्यवसाय चालवण्याबद्दल महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या, नंतर वाद नको.

हवा: पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, फोटो पेपर दमट होतो, चिकटतो, वाकतो. पाकीट फोडलं की उरलेला पेपर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. धूळ हा डाय-सबचा शत्रू. एक कण हेडखाली अडकला तर प्रत्येक फोटोवर रेघ. म्हणून स्वयंपाकघराच्या शेजारी, फोडणीच्या वाफेत मशीन ठेवू नका.

माणसं: घरी अनोळखी लोक येणार. वेळ ठरवा, पाटीवर लिहा, आणि घरातल्या सगळ्यांची संमती घ्या. सोसायटीत असाल तर कमिटीला आधी सांगा.

गिऱ्हाइकाची खाजगी गोष्ट: डाय-सबच्या वापरलेल्या रिबनवर प्रत्येक फोटोचा ठसा राहतो, उजेडात धरला तर चेहरा ओळखू येतो. रिबन कापून, तुकडे करूनच टाका. लोकांनी विश्वासाने घरच्या लेकीबाळींचे फोटो दिलेले असतात.

मशीन तपासायला जाताना

तपासणी विकणाऱ्याच्या जागी, मशीन चालू करून, तुमच्या पेनड्राइव्हमधल्या फोटोंवर करायची. हे घेऊन जा: एक सपाट राखाडी रंगाची फाइल, एक पांढऱ्या बॅकग्राउंडचा चेहरा आणि एक गर्द रंगांचा फोटो.

डाय-सब असेल तर:

- राखाडी प्रिंटवर सरळ रेघ दिसते का? हेड साफ करून पुन्हा प्रिंट काढा. साफ केल्यावरही त्याच जागी रेघ आली तर हेडला मार लागलेला असू शकतो. तिथेच थांबा.
- चेहऱ्याच्या कडेला रंग सरकल्यासारखे दिसतात का?
- सलग २० प्रिंट काढा. पहिल्या पाच प्रत्येक मशीन देतं.
- कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून एकूण प्रिंटचा काउंटर बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.
- तुमच्या कॉम्प्युटरच्या विंडोजवर ड्रायव्हर चालतो का ते स्वतःचा लॅपटॉप नेऊन बघा. ‘इन्स्टॉल होतो’ असं तोंडी नको.
- दोन वेगवेगळ्या डीलरना फोन करून त्या मॉडेलचा सीलबंद रोल आज मिळतो का आणि कितीला, ते विचारा. एकाच डीलरकडे ‘शेवटचे चार बॉक्स’ असतील तर सौदा सोडा.

इंकजेट असेल तर नोझल चेक काढा. रेषा तुटल्या असतील तर एकदा क्लीनिंग करून पुन्हा काढा. दोन-तीन क्लीनिंगनंतरही तुटकच आल्या तर हेडचा खर्च धरून भाव करा किंवा सोडा. कुठली शाई वापरली ते विचारा आणि टाकीत वेगवेगळ्या कंपन्यांची शाई मिसळली आहे का ते बघा. नेताना प्रिंटर आडवा-तिरका करू नका. ट्रान्सपोर्ट लॉक असेल तर तो लावूनच हलवा.

व्यवहार करताना

साध्या कागदावर का होईना, पावती घ्या: मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. मूळ बिल असेल तर मागून घ्या. सगळे पैसे एकदम देऊ नका. अर्धे नेताना आणि उरलेले पंधरा दिवस नीट चालल्यावर, असं बोलून बघा. मशीनवर विश्वास असलेला माणूस काहीतरी मधला मार्ग काढतोच. साफ नकार देणारा असेल तर त्याने नकार का दिला याचा विचार करा.

कर्ज काढायचं मनात असेल तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. पण बँक मशीनचं कोटेशन मागते. बिल नसलेल्या जुन्या मशीनसाठी काय चालेल, ते सौदा करण्याआधी शाखेत विचारा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आणि एक गोष्ट जी बहुतेक जण मागायला विसरतात. बंद होणाऱ्या स्टुडिओत मशीनपेक्षा मोलाच्या वस्तू असतात. चांगला कटर, लाइट, स्टँड, पडदे, लॅमिनेशन मशीन. यांना रोल लागत नाही आणि या लवकर जुन्या होत नाहीत. सगळ्यात मोलाचं म्हणजे त्या माणसाचं वीस-पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याला म्हणा, ‘काका, तुमच्या बंद शटरवर माझा नंबर लावू द्या. शाळांची ओळख करून द्या. येणाऱ्या कामातून सहा महिने तुम्हाला ठरलेला हिस्सा देतो.’ पस्तीस हजारांचं मशीन घेण्यापेक्षा पाच हजारांचे लाइट आणि ही ओळख, हा सौदा बऱ्याचदा सरस ठरतो.

मग निर्णय काय?

घ्या: मशीन डाय-सब किंवा चालता इंकजेट आहे, रोल किंवा शाई दोन ठिकाणी मिळते, चाचणी पास झाली, आणि तुमच्या वहीच्या तिसऱ्या रकान्यात पुरेशी माणसं आहेत. मशीनचे पैसे दीड वर्षात वसूल होताना दिसतात.

थांबा: मशीन चांगलं आहे पण वही कोरी आहे. लॅबमधून काम करा, दोन महिन्यांनी पुन्हा हिशोब मांडा.

सोडा: मिनीलॅब आहे, किंवा रोल मिळत नाही, किंवा विकणारा चाचणी घेऊ देत नाही, किंवा ते घेण्यासाठी घरातली शेवटची बचत किंवा दागिना मोडावा लागतोय. या चारपैकी एकही गोष्ट असेल तर हात जोडून निघा.

आज रात्री एवढंच करा. वहीत तीन रकाने आखा आणि जवळच्या लॅबचा नंबर शोधा. उद्या सकाळी पहिला फोन मशीनवाल्याला नको, लॅबवाल्याला करा.